ह्यांच्या हातची गाठ

२ जानेवारी, शनिवार

सोमवारी निघायचं. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येत नाही, म्हणून आधी हेच वाक्य लिहिलं.

ह्यांच्या टेबलाच्या खणात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात तीन वस्तू: दोन शटलं आणि एक स्प्रिंग. शिलाई मशीनच्या सुईखाली जी पोलादी वाटी फिरते आणि खालचा दोरा वरच्यात गुंफते, ती शटल. हे दर हिवाळ्यात सायकलवरून गावोगाव मशीनं दुरुस्त करत जायचे. तिथल्या तिथे जमलं नाही तर तो भाग काढून घरी आणायचे, घासूनपुसून नीट करायचे आणि महिनाभरात परत नेऊन बसवायचे. मागच्या जानेवारीत ह्या तीन वस्तू आणल्या. फेब्रुवारीत न्यायच्या होत्या. रोज सकाळी सायकल बाहेर काढायचे, पुसायचे, फाटकापर्यंत न्यायचे आणि परत आणून ठेवायचे. "वारा आहे," म्हणायचे. एक-दोनदा वारा नव्हता तरी म्हणाले. मला वाटलं, थंडी बाधली असेल. मार्चमध्ये झोपेतच गेले.

तेव्हापासून तीन माणसांची मशीनं बंद पडून आहेत. चाळीस वर्षांत ह्यांनी कोणाचं काम अर्धवट सोडलं नाही. आता लोक काय म्हणत असतील, हे मनात आलं की मी पुन्हा उठून डबा उघडून बघते.

पंधरवड्यापूर्वी मुला-सुनेला चार तारीख सांगितली, तेव्हापासून मुलगा म्हणतोय, "आई, पार्सल कर ना." शटल बसवणं म्हणजे काय पाकिटावर तिकीट चिकटवणं आहे? सुई आणि शटलचं टोक ह्यांच्यात केसाएवढी फट लागते. ती डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. हे चाक फिरवायचे आणि मी कान लावून ऐकायची. दुरुस्ती त्यांची, कान माझा. बसवायलाही त्यांनीच शिकवलं.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली असते: मालक, दोष, दुरुस्ती. मी शाळेत गेले नाही. ह्या चिठ्ठ्यांवरच वाचायला शिकले. सगळ्यात आधी ओळखू आला तो 'दोष' हा शब्द, कारण तो प्रत्येक चिठ्ठीवर असायचा. पुढे वर्तमानपत्र आलं, मग वाचनालयातली दोन कपाटं संपवली. पण पहिला 'दोष'.

चिठ्ठीच्या दोऱ्याला ह्यांची एक खास गाठ असायची. ओढली की घट्ट बसते, टोक धरून उपटलं की झटक्यात सुटते. चाळीस वर्षं शिकवून थकले, मला जमली नाही. मी आपली साधी दुहेरी गाठ मारते आणि दातांनी सोडते. स्प्रिंगला गंज चढला होता म्हणून ती मी उन्हाळ्यात रॉकेलमध्ये धुतली, चिठ्ठी सोडून पुन्हा बांधली. शटलं धुतली का? धुतलीच असतील. आठवत नाही. आठवत नाही ह्याचीच आज सकाळपासून धास्ती आहे. दोन्ही शटलं दिसायला जुळी आहेत.

३ जानेवारी, रविवार

मुलगा आणि सून दुपारी येऊन गेली. मुलानं दोरीवर वाळत घातलेली ह्यांची पँट पाहिली. "ही घालून जाणार? लोक म्हणतील, मिस्त्री वर्षभरात फारच वाळले." मी पुष्कळ दिवसांनी हसले. मग तोच हसायचा थांबला.

ह्यांची फिरतीची, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही सूनबाईनं पंधरा दिवसांपूर्वी "बघायला" म्हणून नेली होती. आज परत केली. नेमक्या तीन पानांचे कोपरे दुमडलेले. दुसऱ्याची वस्तू नीट हाताळता येत नाही माणसांना.

जाताना म्हणाली, "आई, गुडघ्याला पट्टा बांधाल ना?"

"का? गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही."

आमचं बोलणं आता एवढंच. मागच्या वर्षी तिनं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "आई, बाबांना डॉक्टरांकडे नेऊ या. ते विसरायला लागलेत." मी म्हटलं, "तुझ्याकडे जेवायला यायचं विसरले का कधी?" ज्या माणसाला दोनशे मशीनांचे नंबर पाठ होते, त्याच्याबद्दल असं बोलायचं? ते वाक्य मी तिला माफ केलेलं नाही.

हवा तपासली. ठिगळं, हातपंप, पाने, हातोडी, तेलाची कुपी घेतली. डबा फडक्यात गुंडाळून दोनदा बांधला. मग आत तीन वस्तू आहेत ना, हे बघायला पुन्हा सोडला.

४ जानेवारी, सोमवार. कालव्यावर.

पोचले. पस्तीस किलोमीटर. अक्षर वाकडं येतंय, उद्या वाचता येईल की नाही कोण जाणे.

सकाळी धुकं इतकं की हँडलच्या पुढे जगच नव्हतं. कापणी झालेल्या शेतांवर पांढरं दहिवर. मागून एखादा ट्रक आला की मी उतरून कडेला उभी राहायची. तो गेला की पुन्हा दांडीवरून पाय टाकायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता पडले. वाटेत अकरा वेळा डबा चाचपला. घरी गॅस बंद केला होता का? केला होता. कुलूप ओढून पाहिलं होतं का? चार कोस पुढे आल्यावर असे प्रश्न पडून काय उपयोग, पण पडतात.

सायकल वाजते. पायडलच्या प्रत्येक फेरीला कट्... कट्. शिवाय उजवा पाय दर फेरीला थोडा खड्ड्यात पडल्यासारखा उशिरा खाली जातो. हा माझ्या गुडघ्याचा दोष. सायकलचा असणं शक्य नाही, तिला ह्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही.

कालव्यावरची शिंपीण दारातच उभी होती. चाळिशीची बाई, गळ्यात टेप, ओठांत टाचणी धरूनच बोलते. "या काकू, आधी पाय शेका." बघते तर घमेल्यात गरम पाणी तयार. मी मागितलं नव्हतं.

"मी येणार हे तुला कसं कळलं?"

तिनं टाचणी ओठांतून काढली, उशीत खोचली. "थंडीचे दिवस आहेत. कोणी ना कोणी येतंच." मग घाईनं म्हणाली, "माझ्याकडे नव्हे, मशीनकडे बघा आता. वर्षभर शेजारणीच्या मशीनवर दिवस काढतेय. ती दर टिपेला उसासा टाकते. मशीन नाही हो, शेजारीण."

डब्यातून तिची चिठ्ठी काढली. ह्यांची गाठ! टोक धरून उपटलं आणि झटक्यात सुटली. केवढं बरं वाटलं, जणू कोणी दार उघडून दिलं.

शटल बसवलं. ह्यांचा नियम होता चार पदरांचा: जाड कापडाच्या चार पदरांवर टीप घालून बघितल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. तिच्याकडे आज जाड कापड नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी कॅनव्हास येणार आहे, शाळेच्या दप्तरांचं मोठं काम आहे. दिवसही मावळत आला होता. शर्टाच्या कापडाच्या दोन पदरांवर बघितलं. टीप सरळ आली. मधूनच एक बारीक टिक् ऐकू आल्यासारखं वाटलं. दिवसभर सायकल ऐकून माझे कान भरलेत, त्यातलंच काही असेल.

बोलता बोलता ती म्हणाली, "मागच्या वर्षी काका इथे..." आणि थांबली. "इथे काय?" मी विचारलं. "इथेच बसले होते, तुम्ही बसलात तिथे," म्हणाली आणि पाणी बदलायला उठली.

५ जानेवारी, मंगळवार. मास्तरांकडे.

हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, एकटे राहतात. बायको गेल्यावर तिच्या मशीनवर स्वतःचे कपडे दुरुस्त करायला शिकले. शर्टाला पाच ठिकाणी ठिगळं, पण एक टीप वाकडी नाही. "मी व्याकरण शिकवलंय, काकू. ओळ सोडून गेलेलं मला चालत नाही." माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असूनही काकू म्हणतात.

स्प्रिंग बसवली. इथली गाठ माझी होती, दातांनी सोडली. मास्तर बघत राहिले. "मिस्त्रींची अशी नव्हती," म्हणाले.

इथेही पाणी गरम. खाटेवर दोन जास्त घोंगड्या, उशाशी गुडघ्याला चोळायचं तेल. योगायोगालाही काही सीमा असते. पण म्हातारपणी सगळ्यांचेच गुडघे दुखतात, त्यांनी स्वतःसाठीच ठेवलं असेल.

चहा पिताना मास्तर ह्यांच्या आठवणी सांगत होते. "मागच्या वर्षी मिस्त्री एकाच दिवशी दोनदा आले. सकाळी येऊन स्प्रिंग काढून नेली. दुपारी पुन्हा दारात. म्हणाले, काय मास्तर, वर्षानं भेटतोय, मशीन कसं आहे?" एवढं बोलून ते एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. म्हणाले, घड्याळ मागे पडतंय वाटतं. घड्याळ बरोबर होतं.

ह्यांचा स्वभावच थट्टेखोर. मास्तरांना थट्टा कळली नाही, दुसरं काय.

६ जानेवारी, बुधवार

धुकं. वारा समोरून. पंचवीस किलोमीटरांना सगळा दिवस गेला. एकदा मागचं चाक पंक्चर. बोटं इतकी बधिर की ठिगळ दोनदा उलटं चिकटवलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला इथे काही झालं तर आधी कोणाला कळेल, ह्याचा हिशेब करत बसले. उत्तर चांगलं आलं नाही.

टेकडीच्या पायथ्याच्या खानावळीत मुक्काम. तो टिक् डोक्यातून जात नाही.

७ जानेवारी, गुरुवार. टेकडीवर.

जे व्हायला नको होतं तेच झालं.

टेकडीवर टोप्या शिवणारा राहतो. साठीचा, धिप्पाड, घरातही डोक्यावर टोपी. त्याचं मशीन फार जुनं. मला पाहताच म्हणाला, "सायकल ओळखली, पँट ओळखली, माणूस बदललं!" मग स्वतःच ओशाळला आणि खुर्ची पुसून दिली.

चिठ्ठी सोडली. शटल बसवायला गेले तर बसेना. काढलं, तेल दिलं, पुन्हा घातलं. कडेला अडतंय. शटल काढून खिडकीशी धरलं आणि निरखून पाहिलं. हे शटल ह्या मशीनचं नाहीच. कालव्यावरच्या शिंपिणीचं आहे. म्हणजे ह्याचं शटल मी तिच्या मशीनमध्ये घालून आले.

तिथे ते बसलं, कारण तिच्या मशीनची खोबण मोठी आहे. पण ह्याच्या शटलचं टोक जास्त पुढे येतं. पातळ कापडावर सुई निभावून नेते. जाड कापडावर ती किंचित वाकली की टोकावर आदळणार आणि मोडणार. मोडलेली सुई कुठे उडेल सांगता येत नाही. शिवणारीचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. तो टिक् सुईचाच होता. मी ऐकला होता. ऐकूनही उठले.

आणि आज गुरुवार. कॅनव्हास आज संध्याकाळी येणार, उद्या ती शिवायला बसणार.

"चूक माझी आहे," मी टोपीवाल्याला सांगितलं. "धुताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली माझ्या हातून."

त्यानं चिठ्ठीचा दोरा उचलला, बोटावर गुंडाळला. "पण आत्ता तुम्ही टोक उपटलंत आणि ही झटक्यात सुटली. ही मिस्त्रींची गाठ. माझ्यासमोर पन्नासदा बांधलीय त्यांनी."

"मलाही येते ती गाठ," मी म्हटलं.

त्यानं दोरा माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "वहिनी, मागच्या वर्षी मी त्यांना टेकडी उतरून खालच्या फाट्यापर्यंत सोडायला गेलो होतो. विचारत होते, घरी जायचं म्हणजे डावीकडे की..." मग टोपी काढून झटकली. "अंधार पडला होता म्हणून. दुसरं काही नाही."

ह्यांनी चाळीस वर्षं तो रस्ता तुडवला. टोपीवाल्याला गोष्टी रचून सांगायची सवय आहे.

कालव्यावर फोन नाही. पत्र टाकलं तर सोमवारी पोचेल. बस शनिवारी. सायकलनं सत्तर किलोमीटर. जाताना तीन दिवस लागले होते. पहाटे निघते. टोपीवाला म्हणाला, "माझ्या मशीनची काळजी करू नका, त्याला विश्रांतीची सवय झालीय." मला एक लोकरीची टोपी दिली. कानापर्यंत येते.

आज मी लिहून ठेवते: त्या बाईच्या डोळ्याला काही झालं तर मी घरी जाऊन ह्यांचं टेबल मोडून टाकीन.

८ जानेवारी, शुक्रवार. पुन्हा कालव्यावर.

फटफटलं तेव्हा निघाले. टेकडी उतरताना ब्रेक धरून बोटं वळली. वारा ह्या वेळी पाठीशी होता, तेवढंच नशीब. पण पाय: उजवा खाली जाताना खड्ड्यात पडल्यासारखा, आणि कट्... कट्. पहिले दोन तास मी त्या आवाजावर शब्द बसवत होते: पोच-लीस, उशि-रा. पोच-लीस, उशि-रा. मग मुद्दाम मोठ्यानं आकडे म्हणायला लागले, तर आकडेसुद्धा त्याच चालीवर.

ती सकाळी कामाला कधी बसते? आधी चहा करत असेल. मग कापड कापावं लागेल. दप्तराला आधी कापणी, मग पट्ट्या, जाड शिवण शेवटी. म्हणजे दुपार. नाही, पट्ट्याच जाड असतात. म्हणजे सकाळ.

मास्तरांच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबले. त्यांनी काही न विचारता दोन उकडलेली अंडी कोटाच्या खिशात घातली. त्यांच्या पुढच्या वळणावर खडीवरून चाक सरकलं आणि मी पडले. आधी डबा पाहिला, मग गुडघा. डबा शाबूत होता.

चार वाजता कालवा दिसला. दाराशी सायकल टाकली, आत गेले. शिंपीण मशीनसमोर बसली होती. उजव्या भुवईवर चिकटपट्टी.

मी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"अहो काकू, बसा आधी! डोळा आहे, डोळा आहे. हे बघा, मिचकावते." खरंच मिचकावला. "पहिली सुई मोडली, म्हटलं सुई जुनी. दुसरी मोडली ती इथे लागली. बोटभर वर. तेव्हा म्हटलं, आता मशीनला झाकून ठेवावं."

बोटभर. मी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या, रॉकेल, दोन पदर, टिक्. चूक माझी, चूक माझी, असं किती वेळा म्हटलं कोण जाणे.

ती ऐकत होती. मग उठली, आरशाच्या चौकटीत खोचलेले कागद काढले, त्यातला एक माझ्या हातात दिला. "हे मी तुम्हाला दाखवणार नव्हते. पण तुम्ही उगाच स्वतःला मारून घेताय."

मागच्या वर्षीची ह्यांच्या हातची पावती. वस्तू घेताना ते चिठ्ठीची अशी अर्धी बाजू मालकाला द्यायचे, उरलेली अर्धी वस्तूला बांधायचे. अक्षर ह्यांचंच, फक्त ओळ उतरत गेलेली. मालक: टोपीवाला. तिच्या शटलची पावती, तिच्याच खोलीत बसून, टोपीवाल्याच्या नावानं.

"मी तेव्हाच बघितलं," ती म्हणाली. "पण काका मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होते. आई जाऊन वीस वर्षं झाली. कसं बोलणार?"

पावतीबरोबर एक पोस्टकार्डही माझ्या हातात आलं होतं. ती "ते नको" म्हणेपर्यंत मी वाचायला लागले होते. अक्षर ओळखीचं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हेच अक्षर आहे.

"ताई, सासूबाई चार तारखेला सायकलनं तुमच्याकडे येतील. पाय शेकायला गरम पाणी लागेल, त्या मागणार नाहीत. गुडघा दुखतो, तेही सांगणार नाहीत. मागच्या वर्षी बाबांचं काही चुकलं-विसरलं असेल तर कृपा करून त्यांच्यासमोर काढू नका. त्यांच्या मनात बाबा जसे आहेत तसे राहू देत. हे कार्ड आल्याचं त्यांना कळू देऊ नका."

तीन पानं. तीन कोपरे.

आधी मला राग आला. माझ्या पाठीमागे, लोकांना, पत्रं! तिनं पाय शेकायला दिलेलं पाणी गार होईपर्यंत राग राहिला. मग पाय घमेल्यात तसेच ठेवून मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

९ जानेवारी, शनिवार

सकाळी तिचं शटल तिच्या मशीनमध्ये बसवलं. तिनं चाक फिरवलं, मी कान लावला. मग कॅनव्हासचे चार पदर. टीप घातली, उलटी करून पाहिली, पुन्हा घातली. काही वाजलं नाही. तरी मी तिला डोळे मागे घ्यायला लावले आणि शेवटची टीप स्वतः घातली. "आता पाचवा पदर माझ्या शेजारणीचा घालू का?" ती म्हणाली.

टोपीवाल्याचं शटल डब्यात ठेवलं. चिठ्ठी नवी लिहिली, माझ्या अक्षरात. ह्यांच्यासारखी गाठ मारून पाहिली. ओढली, घट्ट बसली. टोक उपटलं, तरी घट्टच. कात्रीनं कापली आणि माझी दुहेरी मारली.

दुपारी सायकल अंगणात उलटी केली, पडल्यावर काही वाकलंय का बघायला. वाकलं नव्हतं. पण पायडलचे दोन दांडे एका रेषेत नव्हते. एक सरळ, दुसरा किंचित मागे. दांडा धरून ठेवणारी खीळ असते, कॉटर म्हणतात. दोन्ही बाजूंच्या खिळी एकमेकींच्या उलट घालायच्या असतात. उजवी चुकीच्या बाजूनं घातली होती, म्हणून पाय खड्ड्यात पडत होता आणि ती ढिली होऊन वाजत होती. पोरसवदा शिकाऊही हे पहिल्या आठवड्यात शिकतो.

हातोडीनं खीळ काढली, फिरवून घातली, नट आवळला.

कोणी उलटी घातली होती? ह्या सायकलला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, हे मीच सोमवारी लिहिलंय. तर आज लिहिते. ह्यांनी. ह्यांनी पावती चुकवली, खीळ चुकवली, रस्ता विचारला. रोज फाटकापर्यंत जाऊन परत यायचे ते वाऱ्यामुळे नाही. पुढचा रस्ता आठवेल की नाही ह्याची त्यांना भीती वाटत होती, आणि मी चहा टाकत म्हणत होते, मफलर घ्या.

१० जानेवारी, रविवार. मास्तरांकडे.

पुन्हा टेकडीच्या वाटेवर. टोपीवाल्याचं शटल राहिलंय.

मास्तरांना दारातच सांगितलं, "तुम्हाला कार्ड आलंय, मला माहीत आहे. आता सांगा. त्या दिवशी दुपारी दुसऱ्यांदा आले तेव्हा काय काय म्हणाले?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बसले. बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, मास्तर, माझ्या हातावर आता फार भरवसा ठेवू नका. घरी बाई आहे, तिचा कान माझ्याहून चांगला. पुढच्या वर्षी तिलाच पाठवीन."

"मला कधी बोलले नाहीत."

"विसरले असतील," मास्तर म्हणाले, आणि जीभ चावली.

मला हसू आलं. मास्तर घाबरून माझ्याकडे बघत राहिले, मग तेही हसले, आणि मग मी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. थंडीनं येतं पाणी, असं मी ह्या वेळी म्हटलं नाही.

मास्तरांकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं. मी आजवर कोणाला पत्र लिहिलेलं नाही. कसं सुरू करतात ते माहीत आहे, पुस्तकांत पुष्कळ वाचलंय, पण त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडचं वाटेना. शेवटी मला जे लिहायला येतं तेच लिहिलं.

मालक: सूनबाई.
दोष: तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही.
दुरुस्ती: चालू आहे. सतरा तारखेला घरी ये. गुडघा बरा आहे, सायकलचाच दोष होता.

खाली नाव घातलं नाही. अक्षर ती ओळखेल.

एक गोष्ट लिहायची राहिली. आज सबंध वाटेत सायकल वाजली नाही. दोन्ही पाय सारखे फिरत होते आणि फक्त टायर रस्त्यावर चालल्याचा आवाज. इतक्या दिवसांत त्या कट्-कटची सवय होऊन गेली होती. पुलापाशी मी घाबरून थांबलेसुद्धा, वाटलं, काहीतरी मागे राहिलं. डबा पाहिला. डबा होता. थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि मग पुन्हा निघाले.